शीर : पानाच्या आकाराच्या एका क्रोशाच्या शालीच्या प्रकल्प नोंदी

३ सप्टेंबर २०२५

उन्हाळाभर लोकरीला हात लावला नव्हता. तळहात घामेजलेले असले की धागा सुईवरून सरकत नाही आणि मांडीवर वाढत जाणारं वजन नकोसं होतं. आज सकाळी खिडकी उघडली तर हवेत पहिल्यांदा धार जाणवली. थंडी म्हणण्यासारखं काही नव्हतं, पण चहा संपेपर्यंत बाही खाली ओढून घ्यावीशी वाटली. शरदाच्या सुरुवातीचे हे तीन-चार आठवडे मला सगळ्या वर्षात जास्त प्रिय आहेत. उजेड अजून भरपूर असतो आणि तरीही घरात बसून राहिल्याचा अपराधीपणा वाटत नाही.

फिरून येताना एक पान उचलून आणलं. पोट पूर्ण पिवळं, कडेला जळल्यासारखी तपकिरी किनार आणि मधली शीर व तिच्या फांद्या अजून गर्द हिरव्या. ते काचेखाली ठेवलं आहे. त्याच्याकडे बघत असताना ठरलं: यंदा तयार नमुना विणायचा नाही. एकच मोठं पान, खांद्यावर येईल एवढं, शिरा उठावदार. आणि त्याचा नमुना असा लिहायचा की दुसऱ्या कुणालाही ते विणता यावं.

स्वतःपुरती शाल विणणं आणि नमुना लिहिणं यांत फार फरक आहे. स्वतःसाठी विणताना हात अडचणीतून वाट काढतो आणि पुढे जातो. नमुन्यात त्या वाटेला नियम द्यावा लागतो.

६ सप्टेंबर

रंगाचा विचार आधी, कारण आकारही त्यातूनच निघेल असं वाटतंय.

पान पिवळं 'होत' नाही. पिवळी कॅरोटिनॉइड्स उन्हाळाभर पानात असतातच, हरितद्रव्यामुळे ती दिसत नाहीत. दिवस लहान होऊ लागले की झाड हरितद्रव्य नव्याने बनवणं कमी करतं, असलेलं मोडत जातं आणि खालचा पिवळा उघडा पडतो. लाल रंगाचं तसं नाही. अँथोसायनिन शरदातच नव्याने तयार होतं आणि त्याला स्वच्छ उन्हाचे दिवस व गार (पण गोठवणाऱ्या नव्हे अशा) रात्री मानवतात. म्हणून एकाच झाडाचा लाल दरवर्षी सारखा नसतो.

माझ्या कामाची गोष्ट पुढे आहे. बऱ्याच पानांत शिरांमधली जागा जवळजवळ पूर्ण रंगली तरी शिरा हिरव्या राहतात. हिरवा सगळ्यात शेवटी जातो तो शिरांतून.

आता विणकामाकडे बघू. अशी शाल मधल्या शिरेपासून सुरू करून बाहेर कडेकडे विणत जाणं सोपं. म्हणजे जिथे पान सगळ्यात उशिरा बदलतं तिथे माझी सुरुवात, आणि जिथे ते आधी बदलतं तिथे माझा शेवट. पानाचं वय आणि विणीचं वय उलट्या दिशांनी धावतात. याचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही, पण हाच या नमुन्याचा कणा आहे असं वाटतंय.

९ सप्टेंबर

मापासाठी तुकडा विणला. क्रोशाची सुई ४ मिमी, बारीक लोकर दुहेरी धरून. धुऊन, वाळवून मोजलं: १० सेंमीत २० खांब (सुईवर एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका) आणि १० ओळी. म्हणजे एक खांब ५ मिमी रुंद आणि १० मिमी उंच. आकडे इतके गोल आले की दुसऱ्या पट्टीने मोजून पाहिले.

मग कागदावर शिरांचा कोन काढायला बसले आणि लक्षात आलं की तो कोन मला निवडताच येत नाही, टाका निवडतो. शीर म्हणजे एकावर एक येणारे उठावाचे खांब, दर ओळीला एकेक टाका पुढे सरकणारे. खांब वापरला तर प्रत्येक ओळीला १० मिमी वर आणि ५ मिमी आडवं, म्हणजे मधल्या शिरेशी ६३ अंश. फारच उभं, पान कमी आणि पीस जास्त दिसतं. मुका खांब (वेढा न घेता घातलेला बुटका टाका) वापरला तर उंची आणि रुंदी जवळपास सारखी, म्हणून ४५ अंश. कोन छान, पण मुक्या खांबांची एवढी मोठी शाल पुठ्ठ्यासारखी उभी राहील आणि लोकर खाईल ती वेगळीच.

काचेखालच्या पानावर कोनमापक ठेवला. देठाजवळच्या शिरा साधारण ५५, टोकाजवळच्या ४५. मला मधलं काहीतरी हवंय.

सरासरीने दर ओळीला दीड टाका सरकलं तर? १० मिमी वर, साडेसात आडवं. ५३ अंश. पण दीड टाका सरकायचा कसा, ते उद्या.

१२ सप्टेंबर

सापडलं, आणि उत्तर आळसातून आलं.

उठावाचा खांब म्हणजे सुई खालच्या खांबाच्या डोक्यात न घालता त्याच्या अंगाभोवती पुढून फिरवून घातलेला खांब. तो कापडाच्या पातळीवर उभा राहतो आणि रेष दिसते. अडचण उलट बाजूच्या ओळींची. तिथे रेष पुढे राहावी म्हणून मागून वेढून विणावं लागतं आणि ती रेष डोळ्यांना दिसतच नाही. ते टाळण्यासाठी ठरवलं की उलट ओळी साध्या खांबांच्या, शीर फक्त सुलट ओळीत. म्हणजे सुलट ओळीतला उठावाचा खांब दोन ओळी खालच्या उठावाच्या खांबाला पकडणार. दोन ओळींत तीन टाके सरकायचं. सरासरी आपोआप दीड.

मापंही मजेशीर आहेत. २० मिमी वर, १५ मिमी आडवं, तिरकी लांबी २५ मिमी. शाळेतला ३-४-५ चा काटकोन त्रिकोण. शीर या त्रिकोणाच्या कर्णावरून जाते.

एवढं अंतर गाठायला साधा खांब पुरत नाही. सुईवर दोन वेढे घेऊन घातलेल्या लांब खांबाने कापड आवळलं, प्रत्येक शिरेपाशी सुरकुती. तीन वेढे घेतल्यावर कापड सपाट बसलं. नमुन्यात हे लिहायचंच: पहिला फास ओढताना तो ओळीच्या उंचीपर्यंत वर आणा, मगच वेढे सोडवा. जे हात घट्ट विणतात त्यांचं सगळं काम या एका वाक्यावर अवलंबून आहे.

कृती, माझ्यासाठी: शिरेच्या जागेच्या पुढे तीन खांब जास्त विणायचे, मग मागे वळून दोन ओळी खालची शीर पकडून तीन वेढ्यांचा खांब, आणि त्याच्या मागे लपलेला एक टाका सोडून द्यायचा. सोडला नाही तर दर शिरेमागे एक टाका वाढतो आणि शाल झालरीसारखी फुलू लागते.

१५ सप्टेंबर

आज विणकाम नाही. पहाटे दव इतकं पडलं होतं की कुंपणावरची सगळी कोळिष्टकं एकदम दिसायला लागली. या दिवसांत चक्राकार जाळी विणणाऱ्या माद्या पूर्ण वाढलेल्या असतात आणि जाळीही मोठी असतात, एरवी ती दिसत नाहीत इतकंच.

कोळीण आधी आरे ताणते, मग मधून बाहेर एक विरळ, न चिकटणारं वेटोळं घालते. ते तात्पुरतं. त्यावर पाय ठेवत ती बाहेरून आत येत खरं चिकट वेटोळं घालते आणि येता येता जुनं काढत जाते. मचाण बांधायचं, त्यावर उभं राहून काम करायचं आणि उतरताना मचाण मोडायचं. उद्यापासून शिरांच्या जागी खुणेच्या पिना लावते. बाहेरून आत काम करता येतं, हेही डोक्यात राहिलं.

१८ सप्टेंबर

आकार. मधली शीर १५० सेंमी, म्हणजे ३०० टाके. पोट प्रत्येक बाजूला ४० सेंमीच्या आसपास. पानाची बाह्यरेषा परवलयाची धरली तर कोणत्या ओळीत किती टाके हवेत ते एका सूत्रात मिळतं: ओळ क्रमांक ४० ने भागा, १ मधून वजा करा, वर्गमूळ घ्या, ३०० ने गुणा. दहाव्या ओळीला २६०, विसाव्याला २१२, तिसाव्याला १५०. सुरुवातीला ओळी हळूहळू आखूड होतात, शेवटी झपाट्याने.

पण नमुन्यात वर्गमूळ लिहिलं तर लोक पळून जातील. म्हणून पायऱ्या पाडल्या. प्रत्येक ओळीत दोन्ही टोकांना:

ओळ १ ते १० : २ टाके कमी (शेवटी २६०)
ओळ ११ ते २० : आलटून पालटून २ आणि ३ (२१०)
ओळ २१ ते ३० : ३ (१५०)
ओळ ३१ ते ३६ : आलटून पालटून ४ आणि ५ (९६)
ओळ ३७ आणि ३८ : ७ (६८)

सूत्राप्रमाणे अडतिसाव्या ओळीला ६७ हवेत, मला ६८ मिळतात. यापेक्षा जवळ जाण्यात अर्थ नाही. एकोणचाळिसावी-चाळिसावी ओळ विणतच नाही.

टाके कमी करायचे म्हणजे दोनाचा एक करायचा असं नव्हे. ओळीच्या शेवटी तेवढे टाके न विणता वळायचं आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला तेवढ्या टाक्यांवरून सरकते टाके (उंची न देता फक्त पुढे नेणारे) घालत जायचं. त्यामुळे कड पायऱ्यापायऱ्यांची होते, आणि दातेरी पानाची कड अशीच तर असते. हा उपाय माझा नाही. आयर्लंडमध्ये १८४० च्या दशकातल्या दुष्काळाच्या काळात क्रोशाची लेस हा कित्येक घरांचा आधार झाला. त्या लेसमधली छोटी पानं अशीच विणली जातात: मधल्या साखळीच्या दोन्ही बाजूंनी, आणि टोकाचे टाके सोडून देत. मी फक्त ते पान दीड मीटरचं करतेय.

टोक मात्र काटकोनाच्या जवळपास येतं. अणकुचीदार नाही. कागदावर थोडं बोथट वाटलं, अंगावर घेतलं की कळणार नाही.

२२ सप्टेंबर

आज विषुवदिन. दिवस-रात्र समान म्हणतात, पण नेमकं तसं नसतं. सूर्य उगवला असं आपण त्याची वरची कड दिसताच म्हणतो, आणि वातावरण किरणांना वाकवून तो क्षितिजाखाली असतानाच दाखवतं. त्यामुळे आजचा दिवस बारा तासांहून काही मिनिटं मोठाच असतो. याच दिवसांत दिवस आखूड होण्याचा वेग सगळ्यात जास्त असतो. रोज संध्याकाळी गेल्या आठवड्यातल्या वेळेला दिवा लावायला उठते आणि काळोख आधीच येऊन बसलेला असतो.

विणणाऱ्यांसाठी याचा एक थेट नियम: गडद रंग दुपारी, फिकट रंग रात्री. तपकिरी लोकरीतले टाके दिव्याखाली मोजणं म्हणजे डोळ्यांवर अत्याचार.

दुपारचं तिरकं ऊन मात्र या कामाला फार उपकारक. जुलैच्या डोक्यावरच्या उन्हात उठावाची वीण सपाट दिसते. आज चार वाजता तुकडा खिडकीत धरला तर प्रत्येक शिरेच्या एका अंगाला सावली पडलेली, चुकलेला टाका बोट ठेवून दाखवावा इतका स्पष्ट. नमुन्याची छायाचित्रं याच उजेडात काढायची.

२४ सप्टेंबर

लोकर किती लागेल? धुतलेला १० सेंमीचा चौकोनी तुकडा, म्हणजे २०० खांब, वजनकाट्यावर ठेवला: शिरेसकट अडीच ग्रॅम. सगळ्या ओळींची बेरीज केली तर दोन्ही अंगं मिळून जवळपास साडेपंधरा हजार खांब होतात, म्हणजे असे ७८ तुकडे. १९५ ग्रॅम. कड, देठ आणि वरच्या शिरा धरून २३० ग्रॅम घ्यायला सांगते. अंदाजाने 'सहा गुंडे पुरतील' असं लिहिणाऱ्या नमुन्यांवर माझा राग आहे. शेवटच्या दोन ओळींना लोकर संपते आणि तोवर तो रंग मिळेनासा झालेला असतो.

रंग: लेसची बारीक लोकर, १०० ग्रॅमला ८०० मीटर, दोन धागे एकत्र. दोन धागे धरण्याचं कारण इथे येतं. पोपटी-पिवळा, जर्द पिवळा, गेरू, वीटकरी, गडद तपकिरी असे पाच रंग. आधी दोन्ही धागे पोपटी, मग एक पोपटी आणि एक जर्द, मग दोन्ही जर्द... एका वेळी एकच धागा बदलायचा. पाच रंगांतून नऊ छटा निघतात आणि कुठेही पट्टा तुटक दिसत नाही.

पट्ट्यांची रुंदी समान ठेवली तर ते पान दिसणार नाही, गालिचा दिसेल. आतला रंग सावकाश बदलायला हवा आणि कडेजवळ घाई हवी. म्हणून ८, ८, ६, ४, ४, २, २, २, २. बेरीज ३८. सगळे आकडे सम आहेत ते मुद्दाम. सम असले की रंग नेहमी एकाच टोकाला बदलतो आणि सगळी सुटी टोकं एकाच कडेखाली लपवता येतात. खरेदी करताना लक्षात ठेवायचं की आतल्या १६ ओळींतच निम्म्याहून जास्त लोकर जाते, कारण त्या लांब आहेत. पाचही रंग सारखे घेऊन चालणार नाही.

२८ सप्टेंबर

सुरुवात केली. मधल्या शिरेसाठी साधी साखळी घातली नाही. साखळी नेहमी वरच्या ओळींपेक्षा आवळ बसते आणि दीड मीटर लांबीवर ते आवळलेपण धनुष्यासारखं वाकून दिसतं. त्याऐवजी साखळी आणि मुका खांब एकाच वेळी घालत जायचं, म्हणजे पट्टी लवचीक राहते आणि दोन्ही बाजूंना विणायला सारख्या कडा मिळतात. हिरव्या रंगात ३३० घातले. त्यातले ३०० पानाचे, उरलेले ३० देठाचे. १५ सेंमीचा देठ शाल बंद करायच्या कामी येईल: टोकाजवळ एक फट ठेवायची आणि देठ त्यातून ओवायचा.

दर २४ टाक्यांवर शिरेची पिन. बारा सेंमीवर एक शीर. खऱ्या पानात देठाकडच्या शिरा जवळ आणि टोकाकडच्या लांब, किंवा उलट, असं काहीही असतं. मी समान ठेवतेय. एवढी सवलत मला हवीच.

३ ऑक्टोबर

एक अंग झालं. बाहेर पाऊल टाकलं की पाचोळा वाजतो. आवाज ऐकत फिरायला मिळावं म्हणून रस्त्याच्या कडेने चालते. घरी येऊन शाल मांडीवर घेतली की गुडघ्यांना ऊब. तीनशे टाक्यांच्या ओळी हा एक वेगळाच निवांतपणा आहे, हात चालत राहतो आणि डोकं रिकामं होतं. शीर आली की तेवढ्यापुरतं जागं व्हायचं.

दुसऱ्या अंगाची गोष्ट निराळी. तिथे विणण्याची दिशा तीच, उजवीकडून डावीकडे, पण पान उलटं धरलेलं असल्यामुळे शिरा विणण्याच्या विरुद्ध बाजूला झुकायला हव्यात. म्हणजे मागे वळून पकडायचं नाही, तीन टाके आधीच थांबून पुढची शीर पकडायची. टाका तोच, पोहोचण्याची दिशा वेगळी. आणि उजव्या हाताने विणलेल्या खांबाचं डोकं त्याच्या अंगापासून जरासं उजवीकडे बसत असल्यामुळे दोन्ही बाजूंचा उतार तंतोतंत जुळत नाही.

हे दुरुस्त करायचे मार्ग आहेत. एका बाजूला चार ओळींमागे एक टाका जादा सरकायचा, वगैरे. करून पाहिलं, कृती दुप्पट लांब झाली आणि फरक मला सांगावा लागला तेव्हा घरच्यांना दिसला. काचेखालच्या पानाच्या दोन बाजूही जुळत नाहीत. तो विषय बंद.

६ ऑक्टोबर

पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र. एरवी तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. शरदातल्या या पौर्णिमेला चंद्राची वाट पूर्वेच्या क्षितिजाशी कमी कोन करते, म्हणून हा उशीर घटतो, विषुववृत्तापासून जितकं दूर तितका अधिक घटतो. सूर्य मावळतो न मावळतो तोच चंद्र, असं दोन-तीन संध्याकाळ चालतं. पंचविसावी ओळ गच्चीवर विणली. चंद्रप्रकाशात रंग ओळखू येत नाही, पण गेरूची ओळ चालू आहे हे ठाऊक असलं की पुरे. बोटांना उठाव समजतो.

९ ऑक्टोबर

दोन्ही अंगं झाली आणि रंगांचा एक प्रश्न समोर आला, जो आराखड्यात दिसत होता पण मी त्याच्याकडे काणाडोळा केला होता. ओळी मधल्या शिरेला समांतर असल्यामुळे तपकिरी फक्त पोटाशी येतो. टोकाजवळ आणि देठाजवळ कडेला पोपटीच. म्हणून सबंध पानाभोवती तपकिरी मुक्या खांबांच्या दोन फेऱ्या, आणि दुसऱ्या फेरीत प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यावर तीन साखळ्यांचा पिको, म्हणजे छोटं टोक.

किती टाके वाढवायचे? गोल रुमाल विणताना मुक्या खांबाच्या दर फेरीला सहा टाके वाढवतात, खांबाच्या फेरीला बारा. कारण सोपं आहे. फेरीची उंची जेवढी, त्याच्या २π पट, म्हणजे सव्वासहा पट परीघ वाढतो. मुका खांब उंचीइतकाच रुंद, म्हणून सहा. खांब रुंदीच्या दुप्पट उंच, म्हणून बारा. गंमत अशी की हा हिशोब वर्तुळापुरता नाही. बाहेर फुगलेल्या कोणत्याही बंद आकाराभोवती समांतर फेरी घाला, वाढ तेवढीच. माझ्या पायऱ्यांचे आतले आणि बाहेरचे कोपरे एकमेकांना फेडून टाकतात. म्हणून सहा: दोन्ही टोकांना एका टाक्यात तीन (प्रत्येकी दोनाची वाढ) आणि दोन्ही पोटांच्या मधोमध एकेक. फेरी सपाट बसली.

आणि सहाऐवजी दर काही टाक्यांमागे एक असं वाढवत राहिलं की कड लाटा मारू लागते. त्या लाटा म्हणजे अतिपरवलयी (हायपरबोलिक) पृष्ठ, बाहेर जाताना सपाट पृष्ठापेक्षा वेगाने पसरत जाणारं. डायना ताइमिना या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये ते पृष्ठ क्रोशाने विणून विद्यार्थ्यांच्या हातात दिलं. कागदाच्या प्रतिकृती हाताळल्या की फाटायच्या, विणलेली टिकली. पुढच्या शरदात कदाचित कोबी, असा एक वेडा विचार मनात येऊन गेला.

१२ ऑक्टोबर

आता हिरवा.

शिरा उठावदार आहेत, पण ज्या पट्ट्यात आहेत त्या पट्ट्याच्याच रंगाच्या. त्या हिरव्या कशा करायच्या हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेवला होता. विणतानाच हिरवा धागा घ्यायचा तर प्रत्येक शिरेला वेगळी फिरकी, एका अंगाला डझनभर फिरक्या लोंबकळणार. धागा खांबांच्या पोटातून नेला तर पिवळ्यातून तो दिसतो आणि कापड जड होतं.

म्हणून विणून झाल्यावर, वरून. धागा कापडाच्या मागे धरायचा, सुई पुढून आत घालायची आणि फास वर ओढत शिरेवरून साखळी काढत न्यायची. ही साखळी ताणली जात नाही, म्हणून सुई साडेचारची आणि हात सैल. मागे हिरव्या तुटक रेषा दिसतात. त्या मला चालतात, पानाच्या मागच्या बाजूलाही शिरा जास्त दिसतात.

हे करताना सप्टेंबरमधलं कोडं सुटलं. पानात हिरवा शेवटी जातो, माझ्या शालीत तो शेवटी येतो. म्हणजे तो कुठे थांबवायचा हे विणणाऱ्याने सगळं विणून झाल्यावर ठरवायचं. तिसाव्या ओळीपर्यंत नेला तर पान नुकतं बदलू लागलेलं. चौदाव्या ओळीला थांबवला तर शरद भर ओसरलेला. वर काहीच घातलं नाही, फक्त मधली पट्टी हिरवी ठेवली, तर ते गळायच्या बेतातलं पान. टोकाकडच्या शिरा आखूड आणि देठाकडच्या लांब ठेवल्या तर आणखी खरं वाटतं. कृती एकच, आणि प्रत्येकीचं पान वेगळ्या आठवड्यातलं.

नमुन्यात इथे आकडा द्यायचा नाही असं ठरवलं. तीन चित्रं द्यायची आणि पुढे मोकळं सोडायचं. लोकांना हे आवडेलच असं नाही, काहींना प्रत्येक टाका सांगितलेला हवा असतो. त्यांच्यासाठी माझ्या शालीचे आकडे शेवटच्या पानावर.

१५ ऑक्टोबर

धुतली. कोमट पाण्यात अर्धा तास, पिळणं नाही, पंचात गुंडाळून दाबून पाणी काढलं आणि जमिनीवर पिना लावून पसरली. धुण्याआधी १४२ बाय ७१ होती, आता १५१ बाय ७८, कडेसह. प्रत्येक पायरीला एक पिन, हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळलं तर दाते गोल होतात. आडवी जास्त ताणली तर शिरा झोपतात, म्हणून आधी लांबी पक्की करायची, मग रुंदी हळूच.

लोकर ॲक्रिलिकची असेल तर यातलं काही लागू नाही. ती पाण्याने आकार धरत नाही, वाफेने धरते, आणि वाफ जास्त झाली की तिचा जीव कायमचा जातो. नमुन्यात ठळक अक्षरांत.

१८ ऑक्टोबर

लिहिण्याचं काम. इंग्रजी नमुने वाचणाऱ्यांचा नेहमीचा घोटाळा माहीत आहेच: अमेरिकी 'सिंगल क्रोशे' म्हणजे ब्रिटिश 'डबल', आणि अमेरिकी 'डबल' म्हणजे ब्रिटिश 'ट्रेबल'. कुठली पद्धत ते न सांगता दिलेला नमुना दुप्पट किंवा निम्म्या उंचीचा होऊ शकतो. मराठीत खांब, मुका खांब, अर्धा खांब म्हटलं की बराच गोंधळ टळतो, तरी घरोघरी अर्थ थोडे सरकतात. म्हणून पहिल्या पानावर सगळ्या टाक्यांची कृती आणि शेजारी चिन्हं. चिन्हांची सोय चांगली आहे. उभ्या दांडीवर जितक्या तिरक्या रेघा तितके सुईवर वेढे. माझ्या शिरेच्या खांबावर तीन.

२३ ऑक्टोबर

नमुना तपासायला एका मैत्रिणीकडे दिला होता. ती डावखुरी आहे हे मला माहीत होतं, त्याचा अर्थ काय ते आज कळलं. तिचा निरोप: "अगं, पान सुंदर होतंय, पण तुझ्या 'उजवीकडे झुकणाऱ्या' शिरा माझ्याकडे डावीकडे चालल्यात. उसवू का?"

उसवायचं नाही म्हणून कळवलं. डाव्या हाताचं सगळं काम आरशातलं असतं, तिचं पानही आरशातलं होणार, आणि ते तितकंच बरोबर आहे. चूक माझ्या दिशादर्शक शब्दांची. पानाला डावं-उजवं नसतं. सगळ्या नमुन्यात 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' काढून 'टोकाकडे' आणि 'देठाकडे' घातलं. त्यामुळे कृती चार ओळींनी आखूडही झाली, कारण दोन्ही अंगांना आता एकच वाक्य पुरतं: शीर नेहमी टोकाकडे तीन टाके. आलेख मात्र डावखुऱ्यांसाठी उलटा करून वेगळा दिला.

तिने हिरवा विसाव्या ओळीला थांबवायचं ठरवलंय. एक शीर सोडून, ती शेवटपर्यंत.

जाड लोकरीचं माप अजून बाकी आहे. तिथे १० सेंमीत १४ खांब आणि ७ ओळी येतात. प्रमाण तेच दोनास एक, म्हणून कोन बदलत नाही. मधल्या शिरेला ३०० ऐवजी २१० टाके, ओळी २६, शिरा दर १७ टाक्यांवर. पायऱ्यांचा तक्ता पुन्हा मांडायचा आहे.